हॉप्स टाकल्यावर मोजायचं राहिलं: घरी केलेल्या एका पेल एलचं प्रकरण

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी फ्रीजमधून पेल एलची बाटली काढली, झाकण उचकटलं आणि दहा-बारा सेकंदांत निम्मी बिअर फेस होऊन ओट्यावर आली. दुसरी उघडली, तेच. मग खोक्यातल्या सुरुवातीला भरलेल्या, मधल्या आणि अगदी शेवटी भरलेल्या अशा आणखी चार उघडल्या. सहाही बाटल्यांची गत सारखीच.

तीन आठवड्यांपूर्वी याच खोक्यातली पहिली बाटली उघडली होती. तेव्हा ग्लासात दोन बोटं पांढरा फेस बसला होता. पपनसाच्या सालीचा वास, मागून संत्रं, जिभेवर स्वच्छ कडूपणा. खोट काढायची तर एकच होती: घोट गिळल्यावर लोण्यासारखा एक वास रेंगाळत होता. तो मी वहीत नोंदवला आणि पुढे गेलो. या प्रकरणातला पहिला पुरावा तोच होता, हे कळायला पुढे दीड महिना लागला.

कारण शोधण्याआधी उरलेल्या बाटल्यांचं काहीतरी करणं भाग होतं. दाब वाढलेली काचेची बाटली फुटली तर तुकडे खोलीभर उडतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात जाड कातडी मोजे घालून सगळ्या बाटल्या प्लॅस्टिकच्या झाकणबंद पेटीत ठेवल्या, वर जुनी गोधडी टाकली आणि पेटी गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये ३ अंशांवर नेली. थंडीत यीस्ट झोपतं आणि वायू द्रवात जास्त विरघळून राहतो, त्यामुळे दाब उतरतो. दुसऱ्या दिवशी एकेक झाकण किंचित उचकटून, फुस्स आवाज येऊ देऊन पुन्हा दाबून बसवलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं कुणाच्या घरी झालं तर आधी हे करा, चिकित्सा नंतर.

मी पोर्टलंडला, ऑरेगन राज्यात राहतो. इथे घरी बिअर करणं कायदेशीर आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने प्रौढ माणशी वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करता येते. विकता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती करणं गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी हे प्रकरण वाचावं जरूर, करून पाहू नये.

खेप कशी होती

अमेरिकन पेल एल म्हणजे फिकट माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) साध्या पायावर अमेरिकन हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या बोंडांचा, ठसठशीत वास. या घराण्याचा मूळ पुरुष कॅस्केड हा हॉप. इंग्लंडचा फगल आणि रशियन वंशाचा सेरेब्रियांका यांच्या वंशातला हा वाण अमेरिकी कृषी खात्याने ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस इथे तयार केला आणि १९७२ साली लागवडीसाठी दिला. १९८० मध्ये केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडा पेल एल याच कॅस्केडवर बेतली आणि पुढच्या सगळ्यांना मापदंड मिळाला. पोर्टलंडहून सेलमकडे गाडीने निघालं की वाटेत हॉप्सच्या वेलींचे उंच मांडव दिसतात. दर ऑगस्टच्या अखेरीस त्या रस्त्याने काच खाली करून जायला मला फार आवडतं.

माझी कृती साधी होती. फिकट टू-रो माल्ट ४.४ किलो, म्युनिक माल्ट ३०० ग्रॅम, क्रिस्टल ४० हा कॅरॅमल माल्ट २०० ग्रॅम. पोर्टलंडचं बुल रन जलाशयाचं पाणी फार मृदू, म्हणून थोडं जिप्सम घातलं, आणि पाण्यातलं क्लोरामाइन मारायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी. माल्ट ६७ अंशांच्या पाण्यात तासभर भिजवला. तासाभराची उकळी, सुरुवातीला मॅग्नम १२ ग्रॅम कडूपणासाठी, शेवटची दहा मिनिटं उरताना कॅस्केड ३० ग्रॅम. आच बंद करून ८० अंशांवर आल्यावर कॅस्केड आणि सेंटेनिअल मिळून ६० ग्रॅम, वीस मिनिटं. फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, २० लिटर रस उतरला. त्याची ग्रॅव्हिटी १.०५४. (साध्या पाण्याची १.०००; जितकी साखर जास्त तितका आकडा वर, आणि आंबताना साखर संपत जाते तसा आकडा उतरतो.) यीस्ट यूएस-०५, एक पाकीट. तापमान १९ अंश.

सहाव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०१२. नवव्या दिवशीही १.०१२. तीन दिवस आकडा हलला नाही म्हणजे आंबणं संपलं, हा नियम सगळे शिकवतात आणि मी तो पाळला होता. नवव्या दिवशी ड्राय हॉप्स घातले, म्हणजे न उकळता थेट तयार बिअरमध्ये टाकायचे हॉप्स: कॅस्केड आणि सिट्रा मिळून १०५ ग्रॅम, १५ लिटरला. लिटरमागे ७ ग्रॅम, चांगलाच सढळ हात.

पंधराच लिटर का, तर घरात हॉप्सचा एवढा उग्र वास मलाच आवडतो. बायकोला तीच बिअर सौम्य हवी असते. म्हणून हॉप्स घालण्याआधी तिच्या वाट्याची चार लिटर काचेच्या बुधल्यात वेगळी काढून एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं बूच) लावून ठेवली. ही सवय नसती तर हे प्रकरण सुटलंच नसतं.

तेराव्या दिवशी दोन्हीकडची बिअर बाटल्यांत भरली. बाटलीत बुडबुडे यावेत म्हणून लिटरमागे ६.३ ग्रॅम डेक्स्ट्रोज ही साखर, दोन्हीकडे एकाच प्रमाणात. हॉप्सवाल्या ३९ बाटल्या, बिनहॉप्सच्या १०. त्या दिवशी ग्रॅव्हिटी मोजली नाही. वहीत तिथे मी लिहिलंय: “१.०१२ (नवव्या दिवसाची).”

कारणांची छाननी

बाटली उसळली की पहिला संशय साखरेवर जातो. पाक नीट मिसळला नाही तर काही बाटल्यांत जास्त साखर जाते. पण मग काही बाटल्या मिळमिळीतही निघायला हव्यात. माझ्याकडे सुरुवातीची, मधली आणि शेवटची बाटली सारख्याच जोराने उसळत होती. वजनात चूक म्हणावी तर डेक्स्ट्रोज ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोललं होतं, दोन्ही भांड्यांसाठी एकामागोमाग.

दुसरा संशय जंतुसंसर्ग किंवा जंगली यीस्ट. घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ ब्रुअरना बाटली दाखवली, तर त्यांनी फेस पाहताच तेच निदान केलं आणि नळ्या-बादल्या बदलायला सांगितल्या. त्यांचं म्हणणं अनुभवाचं होतं आणि मी नळ्या बदलल्याही. पण बिअर आंबट नव्हती, लवंगेसारखा किंवा औषधी वास नव्हता, बाटलीच्या मानेत कडं धरलं नव्हतं. उलट पहिल्या बाटलीतला लोण्याचा वास आता पार गेला होता. संसर्ग आठवड्यागणिक वाईट होत जातो. इथे फेस सोडला तर बिअर सुधारली होती.

तिसरा संशय हॉप्सच्या बारीक कणांचा. गाळ बाटलीत गेला तर त्या कणांभोवती बुडबुडे झटकन तयार होतात आणि वायू बेताचा असूनही बिअर उसळते. हे मला बराच वेळ पटलं होतं. पटावं असंच ते स्पष्टीकरण आहे. पण कण साखर खात नाहीत. कणांमुळेच उसळत असेल तर ग्रॅव्हिटी जागेवर हवी.

म्हणून एका बाटलीतली बिअर दोन ग्लासांत वीस-पंचवीस वेळा वरखाली करून वायू पूर्ण घालवला, २० अंशांवर आणली आणि मोजली. हायड्रोमीटरच्या, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायच्या तरंगत्या नळीच्या, काचेला बुडबुडे चिकटले तर आकडा खोटा वर दिसतो, म्हणून तीनदा. आकडा आला १.००८.

मग बायकोच्या खोक्यातली बाटली उघडली. फेस बेताचा, शिस्तीत. मोजली. १.०१२.

एकाच कढईतला रस, एकाच पाकिटातलं यीस्ट, त्याच नळ्या, तीच साखर, एकाच दिवशी भरलेल्या बाटल्या. फरक फक्त १०५ ग्रॅम हॉप्सचा. आंबणं मुळात अर्धवट राहिलं असतं तर दोन्हीकडे उतरलं असतं. साखरेची चूक, घाणेरड्या नळ्या, सगळं दोन्हीकडे सारखं दिसलं असतं. खोट हॉप्समध्ये होती.

हिशेबही जुळला. ग्रॅव्हिटी एका अंशाने, म्हणजे ०.००१ ने उतरली की ढोबळमानाने बिअरच्या अर्ध्या आकारमानाएवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. साखरेच्या हिशेबाने बाटलीत सुमारे २.४ आकारमान वायू हवा होता. चारपैकी एखादा अंश बाटल्या भरण्याआधीच उतरला असेल असं धरलं तरी बाटलीत तीन, म्हणजे आणखी दीड. जवळपास ३.९. साध्या बिअरच्या बाटलीने इतका दाब सोसावा अशी अपेक्षाच करू नये. एकही फुटली नाही हे दैव.

हॉप्स काय करतात

माल्ट गरम पाण्यात भिजवतो तेव्हा धान्याला मोड आल्यावर तयार झालेली विकरं (एन्झाइम) स्टार्च तोडतात. सगळा स्टार्च साध्या साखरेपर्यंत तुटत नाही. मोठे, फांद्या फुटलेले तुकडे उरतात, त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. यीस्टला ते खाता येत नाहीत. बिअरला अंग येतं ते त्यांच्यामुळे, आणि १.०१२ वर काटा थांबतो तोही त्यांच्यामुळेच.

आपल्याकडे मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं सत्त्व करतात. घट्ट शिजलेल्या पेजेत, ती कोमट असताना, असं चमचाभर पीठ ढवळलं की पेज पाहता पाहता पातळ होते. तीच विकरं, तेच काम.

हॉप्सच्या बोंडांतही अशी स्टार्च तोडणारी विकरं असतात. थोडीच, पण असतात. मळ्यातून आल्यावर हॉप्स गरम हवेत वाळवतात, दळून गोळ्या करतात, तरी ती पुरती मरत नाहीत. उकळीत टाकलेल्या हॉप्समधली विकरं उष्णतेने निकामी होतात, म्हणून तिथे प्रश्न येत नाही. ड्राय हॉप्सना मात्र कुठलीच उष्णता लागत नाही. ती विकरं १९ अंशांवर सावकाश कामाला लागतात, डेक्स्ट्रिनचे तुकडे पाडतात आणि पोट भरून बसलेल्या यीस्टपुढे पुन्हा ताट वाढतात. यीस्ट जागं होतं आणि आंबणं नव्याने सुरू होतं.

लोण्याच्या वासाचा उलगडाही इथेच. आंबणं चालू असताना यीस्ट एक पदार्थ बाहेर टाकतं, त्याचं पुढे डायअसेटिल होतं, आणि डायअसेटिलला वास लोण्याचा. वेळ मिळाला तर यीस्ट तो परत शोषून घेतं. दोन आठवड्यांच्या बाटलीत मला त्या दुसऱ्या आंबवणाचा मधला टप्पा सापडला होता. तेव्हाच बाटली मोजली असती तर काटा अजून उतरतोय हे दिसलं असतं.

ही गोष्ट नवी नाही. १८९३ साली होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी पिंपातल्या बिअरमध्ये हॉप्स घातल्यावर पुन्हा आंबणं का सुरू होतं याचा छडा लावला होता आणि हॉप्समधल्या विकराकडेच बोट दाखवलं होतं. मग ते ज्ञान मागे पडलं. हॉप्सचा हात सढळ झाला तसा प्रश्न परतला, आणि गेल्या दशकात ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत टॉम शेलहॅमर यांच्या प्रयोगशाळेने त्यावर नीट काम केलं. ब्रुअर मंडळी याला आता ‘हॉप क्रीप’ म्हणतात. ती युनिव्हर्सिटी कॉर्व्हॅलिसलाच आहे, जिथून कॅस्केड आला. माझ्या घरापासून दोन तासांवरही नाही, आणि मला हे माहीत नव्हतं.

तीन बुधले

एका जोडीवरून खात्री मानणं मला पटेना. मे महिन्यात तीच कृती पुन्हा केली. ग्रॅव्हिटी १.०१२ वर स्थिरावल्यावर चार-चार लिटरचे तीन बुधले भरले. पहिल्यात हॉप्स नाहीत. दुसऱ्यात २८ ग्रॅम तसेच. तिसऱ्यातही २८ ग्रॅमच, पण आधी १५० मिलीलिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून, निववून, पाण्यासकट. पाण्याचा फरक पडू नये म्हणून उकळून गार केलेलं १५० मिलीलिटर पाणी पहिल्या दोघांतही घातलं.

तिसरा बुधला महत्त्वाचा होता. हॉप्सची स्वतःची थोडी साखर असते, त्यांच्यावर कुठलं तरी रानटी यीस्टही बसलेलं असू शकतं. उकळल्याने साखर जात नाही, पण विकरं आणि यीस्ट दोन्ही मरतात. तिसऱ्याची ग्रॅव्हिटी उतरली असती तर दोष साखरेचा. (विकर आणि रानटी यीस्ट यांतला निवाडा हा बुधला करत नाही. त्यासाठी मी चवीवर आणि वासावर विसंबलो. दुसरा बुधला अखेरपर्यंत स्वच्छ राहिला.)

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बुधल्याचा एअरलॉक पुन्हा गुडगुडू लागला. चौथ्या दिवशी आकडा १.०११. मागच्या खेपेला हॉप्स घातल्यावर चौथ्याच दिवशी मी बाटल्या भरल्या होत्या. त्या दिवशी मोजलं असतं तरी एका अंशाचा फरक मी वाचनातली चूक म्हणून सोडून दिला असता, हे मला कबूल करायला हवं. सातव्या दिवशी १.०१०, आणि लोण्याचा वास भरात. दहाव्या दिवशी १.००९. चौदाव्या आणि सोळाव्या दिवशी १.००८, वास गेलेला. पहिला आणि तिसरा बुधला सोळा दिवस १.०१२ वर होते.

उपाय, आणि त्यांची किंमत

हॉप्स लवकर काढून घ्या, असं मला एकाने सुचवलं. पिशवीत घालून दोन दिवसांनी काढले तरी विकरं तोवर बिअरमध्ये विरघळलेली असतात. हॉप्स गेले, काम चालूच.

थंडीत ड्राय हॉप्स घालणं हा उपाय चांगला आहे, पण तो पिंपवाल्यांसाठी. बिअर ३ अंशांवर नेऊन यीस्ट तळाशी बसवायचं, ते वेगळं काढायचं, गार बिअरमध्येच हॉप्स घालायचे आणि पुढे शेवटच्या ग्लासापर्यंत ती गारच ठेवायची. मी बाटल्यांत नैसर्गिक बुडबुडे आणतो, त्यासाठी यीस्टही लागतं आणि २० अंशांची ऊबही. म्हणजे थंडीत दाबून ठेवलेलं सगळं बाटलीत गेल्यावर सुरू. बाटलीवाल्याला हा उपाय सुरक्षित वाटतो आणि तोच सगळ्यात धोक्याचा.

साखर कमी घालून उरलेलं काम हॉप्सवर सोपवणं मला मान्य नाही. विकरांचं प्रमाण वाणावाणात आणि एकाच वाणाच्या वेगवेगळ्या मालात बदलतं. काचेच्या बाटलीवर असा अंदाज लावू नये.

उरतं थांबणं. हॉप्स घातल्यावर ग्रॅव्हिटी नव्याने मोजायला लागायचं, आणि सलग चार-पाच दिवस ती हलली नाही की मगच बाटल्या. सोबत डायअसेटिलची परीक्षा: दोन नमुने घ्यायचे, एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा, गार करून दोघांचा वास घ्यायचा. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर अजून थांबा. याची किंमत आहे, आणि ती मला खुपते: पेल एलचा ताजा, साल सोलतानाचा वास प्रत्येक दिवसागणिक उतरतो. चौथ्या दिवशीची आणि सोळाव्या दिवशीची बिअर शेजारी ठेवून मी हुंगली आहे. फरक आहे.

म्हणून जूनच्या खेपेत थांबण्याचा काळच कमी करायचा प्रयत्न केला. माल्ट ६७ ऐवजी ६५ अंशांवर भिजवला, म्हणजे डेक्स्ट्रिन कमी उरले. हॉप्स घालण्याआधीची ग्रॅव्हिटी १.०१० आली. ड्राय हॉप्स लिटरमागे ७ वरून साडेचार ग्रॅमवर आणले आणि कमी केलेले हॉप्स उकळीनंतरच्या ८० अंशांच्या टप्प्यात घातले, जिथे विकरं फारशी टिकत नाहीत. हॉप्स घातल्यावर आठव्या दिवशी १.००८. बाराव्या दिवशीही तेच, लोणी नाही. तेव्हा बाटल्या भरल्या. दहाव्या आठवड्यात उघडलेल्या बाटलीत फेस दोन बोटं होता. अंग मार्चच्या खेपेपेक्षा जरा हलकं, कडूपणा थोडा पुढे आलेला. पपनस होतं.

बायकोच्या वाट्याची चार लिटर मी अजूनही प्रत्येक खेपेला हॉप्स घालण्याआधी वेगळी काढतो. वहीत आता तिच्या बुधल्यालाही एक रकाना आहे, आणि माझ्या बाटल्या भरायच्या दिवशी आधी तिची ग्रॅव्हिटी मोजतो, मग माझी.